अर्जात वर्ण नाही, नोटिशीत मात्र आहे

आमच्याकडे येणारी माणसे सरकारी लिफाफा पुष्कळदा न फोडताच घेऊन येतात. तो चार-सहा दिवस घरात बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचून ठेवलेला असतो. मग एखाद्या रविवारी पोराला बरोबर घेऊन येतात आणि म्हणतात, "वकीलसाहेब, तुम्हीच फोडा." आत कधी साधे स्मरणपत्र असते, कधी तुमचा लाभ बंद का करू नये अशी विचारणा असते. उत्तराला मुदत पंधरा दिवसांची, आणि त्यातले निम्मे दिवस तसबिरीमागेच गेलेले. शिकलेली मंडळी याला अडाणीपणा म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. सरकारी कागदाने आजवर आपल्या घरात काय आणले, याचा तो अनुभव आहे.

हे सांगण्याचे कारण म्हणजे असेच लिफाफे अमेरिकेतील गरीब कष्टकऱ्यांच्या घरीही वर्षानुवर्षे जात आले आहेत. गेल्या काही वर्षांत तिथल्या अभ्यासकांनी हे लिफाफे नेमके कोणाच्या घरी जातात याचा हिशेब मांडला. त्या हिशेबातून जे बाहेर आले, ते आपल्या चळवळीच्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावे असे आहे.

आधी योजना काय ती पाहू. तिचे नाव 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट'. सोप्या भाषेत सांगायचे तर, जो राबतो पण ज्याची कमाई संसाराला पुरत नाही, त्याला आयकर खात्यामार्फतच पैसे द्यायचे. ही नुसती करमाफी नव्हे. आपल्याकडे २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य झाला म्हणून मध्यमवर्गाने पेढे वाटले. पण ज्याचा कर मुळातच शून्य आहे, त्या बिगारी कामगाराच्या हातात त्यातून एक रुपयाही पडला नाही. अमेरिकेची योजना इथे वेगळी आहे. २०२५ सालचे दर घेऊ. तीन लेकरांची आई हॉटेलात भांडी घासून वर्षाला १५,००० डॉलर कमावत असेल, तर कमावलेल्या प्रत्येक डॉलरवर सरकार ४५ सेंट घालते. म्हणजे ६,७५० डॉलर. तिला आयकर लागूच होत नाही, तरीही ही सगळी रक्कम तिच्या हातात येते. याची जास्तीत जास्त मर्यादा ८,०४६ डॉलर. कमाई एका टप्प्यापलीकडे गेली की मदत हळूहळू उतरत जाते. ज्याला मूलबाळ नाही त्याला मात्र फार तर ६४९ डॉलर, म्हणजे तोंडाला पाने पुसण्यापुरतेच. खात्याच्या २०२४ अखेरच्या आकडेवारीनुसार सुमारे २ कोटी ३० लाख कष्टकऱ्यांना व कुटुंबांना मिळून ६४ अब्ज डॉलर मिळाले. सरासरी एका घराला २,७४३ डॉलर.

यामागचा युक्तिवाद आपल्यालाही कळण्यासारखा आहे. आयकर भरत नाही म्हणून गरीब माणूस कर भरत नाही, असे म्हणणे खोटे आहे. अमेरिकेत पहिल्या डॉलरपासून मजुरीतून सामाजिक सुरक्षेचा कर कापला जातो. त्याची काही भरपाई करावी, असा या सवलतीचा एक हेतू होता. आपल्याकडचा मजूर मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरतो, उद्योगपतीही तेवढाच भरतो. तरीही टीव्हीवर चर्चा चालते की 'करदात्यांचा पैसा' फुकट्यांवर उधळला जातो!

या विषयाकडे आमचे लक्ष वळण्याला आणखी एक कारण आहे. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या राज्यघटनेत सोळावी दुरुस्ती मंजूर झाली होती आणि ऑक्टोबरमध्ये तिथला आधुनिक आयकराचा कायदा झाला. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू होते एडविन सेलिग्मन. चढत्या दराने कर लावावा, ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावे, या विचाराचे ते त्या काळातील मोठे पुरस्कर्ते. शहरांत आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांसाठी काम करणाऱ्या नॅशनल अर्बन लीग या संस्थेचे ते सुरुवातीच्या अध्यक्षांपैकी एक होते. म्हणजे आयकराची पाटी तिथे कोरी असताना, तो कर कोणावर आणि कसा लावावा याचे धडे बाबासाहेब प्रत्यक्ष तिथे घेत होते. हे शिक्षण वाया गेले नाही. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारला हेच ऐकवले: ज्याचे उत्पन्न नाही त्याला आयकर लागत नाही, पण शेतकऱ्याचे पीक बुडाले, त्याच्या घरात दाणा नसला तरी शेतसारा मात्र वसूल केला जातो, हा कुठला न्याय? कर म्हणजे निव्वळ हिशेबाची वही नसते, ती सत्तेची वही असते, हे आमच्या बापाने शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.

आता ही सवलत जन्माला कशी आली ते पाहण्यासारखे आहे. १९६९ साली अध्यक्ष निक्सन यांनी प्रत्येक गरीब कुटुंबाला किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना मांडली. कनिष्ठ सभागृहात ती १९७० साली मंजूरही झाली. सिनेटच्या अर्थ समितीत मात्र अडली. त्या समितीचे अध्यक्ष होते लुइझियानाचे रसेल लाँग. हे गृहस्थ कोण? शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध दक्षिणेकडच्या खासदारांनी १९५६ साली जो जाहीरनामा काढला, त्यावर सही करणारे. १९६७ साली सरकारी मदत घेणाऱ्या गरीब आया, त्यांतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय, याच समितीच्या दालनात ठाण मांडून बसल्या होत्या. तेव्हा या सद्गृहस्थांनी त्यांची तुलना शिंगरे पैदा करणाऱ्या घोड्यांशी केली. आपल्याकडे आरक्षणाबद्दल बोलताना सभ्य माणसांच्या तोंडून जे निघते, त्याचाच हा अमेरिकन अवतार.

त्याच लाँग यांनी पर्याय म्हणून 'कामाचा बोनस' सुचवला. मदत द्यायचीच तर जो मजुरी करतो त्यालाच. घरात लेकरे सांभाळणारीला नाही. कापसाच्या मळ्यांना आणि गोऱ्यांच्या स्वयंपाकघरांना स्वस्त हात पुरवत राहण्याची सोय त्यात होती, हे सांगायला नकोच. २९ मार्च १९७५ रोजी अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने ही सवलत कायद्यात आली. पहिल्या ४,००० डॉलरांवर १० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ४०० डॉलर. १९७८ मध्ये ती कायम झाली, नंतर १९८६, १९९० आणि १९९३ मध्ये वाढत गेली. गंमत अशी की हेतू काहीही असो, कष्टकऱ्यांनी ती आपली केली. आज लाखो कृष्णवर्णीय घरांत मार्च महिन्यात थकलेले भाडे आणि पोरांचे बूट याच पैशातून निघतात. कायदा कोणत्या हेतूने केला आणि तो शेवटी कोणाच्या उपयोगी पडला, यात नेहमीच अंतर असते. वकील म्हणून आम्ही ते मान्य करतो.

पण देणाऱ्याची नजर बदलली नाही, ही खरी गोष्ट.

मिसिसिपी राज्यात हंफ्रीज नावाची काउंटी आहे. आपल्या तालुक्यासारखी समजा. मिसिसिपीच्या काळ्या मातीचा प्रदेश, जुने कापसाचे मळे, लोकवस्तीत चारांतले तीन कृष्णवर्णीय. तिचे मुख्य गाव बेलझोनी. याच गावात रेव्हरंड जॉर्ज ली यांनी कृष्णवर्णीयांची नावे मतदारयादीत नोंदवण्याची मोहीम चालवली आणि ७ मे १९५५ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कोणालाही शिक्षा झाली नाही. २०१९ साली 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेने, आयकर खात्यात पूर्वी काम केलेल्या एका अर्थतज्ज्ञाच्या अभ्यासाच्या आधारे, दाखवून दिले की साऱ्या अमेरिकेत आयकराच्या तपासणीचे प्रमाण सर्वांत जास्त कुठे असेल तर याच हंफ्रीज काउंटीत! तिथले घरटी वार्षिक उत्पन्न जेमतेम २६,००० डॉलर. व्हर्जिनियातील लाउडन ही देशातील सर्वांत श्रीमंत काउंटी. तिथे हेच उत्पन्न १,३०,००० डॉलर. पण तपासणीचा दर लाउडनपेक्षा हंफ्रीजमध्ये ५१ टक्क्यांनी जास्त. कारण काय? तर हंफ्रीजमधील निम्म्याहून अधिक करदाते ही कष्टकऱ्यांची सवलत मागतात. मतदारयादीत नाव घालायला गेलेल्या माणसाला जिथे गोळी घातली, तिथेच हे घडावे, याला आम्ही योगायोग म्हणणार नाही.

यावर तिथल्या खात्याचा खुलासा ऐकण्याजोगा आहे. २०१९ मध्ये आयुक्तांनी सिनेटला कळवले की, गरिबांच्या विवरणपत्रांची तपासणी टपालाने होते, कनिष्ठ कर्मचारी ती करू शकतात, ती स्वस्त पडते. श्रीमंतांची तपासणी करायची तर अनुभवी अधिकारी लागतात, आणि २०१० नंतरच्या निधीकपातीमुळे ते उरलेले नाहीत. वा रे न्याय! चोर बलदंड आहे म्हणून त्याला सोडायचे आणि दारात बसलेल्या म्हातारीची पिशवी तपासायची. अमेरिकेत बुडणारा किंवा वेळेवर न भरला जाणारा एकूण कर, खात्याच्याच अंदाजाने, २०२२ या कर-वर्षात ६९६ अब्ज डॉलर होता. त्यासमोर कष्टकऱ्यांच्या सवलतीतील चुका किरकोळ आहेत.

चुका होतातच, हे आम्ही नाकारत नाही. खात्याचा अंदाज पाहिला तर या सवलतीतली पाव हिश्श्याच्या आसपास रक्कम नियमात न बसणाऱ्यांना जाते. हा आकडा कोणी आपल्या तोंडावर फेकला तर दचकून जाऊ नये. चूक म्हणजे लबाडी नव्हे. बहुतेक घोटाळा होतो तो मूल कोणाचे या प्रश्नावर. ज्या मुलाच्या नावाने सवलत घ्यायची ते वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस तुमच्याच घरात राहिले पाहिजे, नात्याच्या ठरलेल्या यादीत बसले पाहिजे, आणि हे सगळे कागदाने सिद्ध झाले पाहिजे. शाळेचे पत्र आणा, डॉक्टरचे पत्र आणा, घरमालकाचे लिहून आणा. आता गरिबाच्या घरातली लेकरे अशी चौकटीत राहतात का? आई शहरात रात्रपाळीला, पोर आजीकडे. बाप दुसऱ्या राज्यात ट्रकवर, लेकरे मावशीकडे. आपल्या वस्तीतही आत्याकडे राहून दहावी काढलेली पोरे घरोघरी आहेत. त्या आत्याला कोणी सांगितले की हा पोरगा वर्षातून १८३ दिवस तुझ्याकडे होता हे सिद्ध कर, तर ती काय दाखवील? त्याचे जेवलेले ताट? आई-बाप, दोन मुले, एक पत्ता आणि कपाटात फाइल, हे ज्यांचे घर, त्यांनी हे नियम लिहिले. ज्यांचे घर तसे नाही त्यांच्यावर संशय घेण्याची सोय त्यातच झाली.

आणि उत्तर दिले नाही की प्रकरण संपले. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, भाषा समजली नाही, फोन लावला तर कोणी उचलत नाही. मुदत संपते, सवलत नामंजूर होते, वर घेतलेले पैसे परत मागितले जातात. अर्जदाराने बेपर्वाई केली असे खात्याने ठरवले तर पुढची दोन वर्षे, लबाडी ठरवली तर दहा वर्षे सवलत बंद. ज्यांना वकील किंवा जाणकार प्रतिनिधी मिळतो, त्यांची सवलत टिकण्याची शक्यता बरीच जास्त असते, हे करदात्यांची बाजू मांडण्यासाठी खात्यातच नेमलेल्या कार्यालयाने दाखवून दिले आहे. १९९८ च्या कायद्याने गरीब करदात्यांसाठी मदत केंद्रांना अनुदान सुरू झाले, ते याचसाठी. हा एक धागा आपल्या तरुण वकिलांनी पकडून ठेवावा.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेच्या आयकराच्या अर्जात वंशाचा रकाना नाही. खाते अभिमानाने सांगत आले की आम्हाला तुमचा रंग माहीतच नाही, मग भेदभाव करणार कसा? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि इतर अभ्यासकांनी, सरकारच्या अर्थ खात्यातील तज्ज्ञांना बरोबर घेऊन, ही ढाल बाजूला केली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्जात वंश नाही, तर तो ओळखायचा कसा? त्यांनी तीन गोष्टी घेतल्या: माणसाचे नाव, त्याचे आडनाव आणि तो राहतो ती वस्ती. एवढ्यावरून वंशाचा अंदाज बांधला.

हे वाचताना आम्ही थांबलो. नाव, आडनाव, वस्ती! भाड्याने खोली बघायला गेल्यावर घरमालक जे तीन प्रश्न विचारतो तेच. आडनावावरून नाही कळले तर 'मूळ गाव कुठले', आणि गावावरून नाही कळले तर 'गावात घर कुठल्या बाजूला'. त्या विद्वानांना जे गणित बसवावे लागले, ते आपल्याकडे चाळीचा मालकसुद्धा तोंडी सोडवतो.

निष्कर्ष काय निघाला? कृष्णवर्णीय करदात्यांची तपासणी इतरांच्या तुलनेत २.९ ते ४.७ पट जास्त होते. ही सवलत मागणाऱ्यांत त्यांचा वाटा २१ टक्के, पण सवलतीच्या तपासण्यांत ४३ टक्के. म्हणजे ते गरीब आहेत म्हणून तपासले जातात, एवढेच कारण पुरेसे नाही. तेवढ्याच गरीब, तीच सवलत मागणाऱ्या इतर माणसांपेक्षाही ते जास्त तपासले जातात. एकट्याने लेकरे वाढवणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषाच्या वाट्याला, तशाच इतर पुरुषांच्या दुपटीच्या आसपास तपासण्या येतात.

कोणी अधिकारी खुर्चीत बसून काळ्यांची यादी काढत होता का? नाही. ते काम संगणक करत होता. बुडालेला सगळा कर शोध, असे त्याला सांगितले असते तर तो धंदेवाल्यांकडे, मोठ्या उत्पन्नाकडे वळला असता. पण त्याला काम दिले होते चुकीने मिळालेली सवलत शोधण्याचे, आणि तीही अशा ठिकाणी जिथे टपालाने, स्वस्तात, झटपट निकाल लागेल. प्रश्नच असा घातला की उत्तर ठरावीक वस्तीतूनच यावे. माणसाच्या मनात द्वेष असलाच पाहिजे असे नाही, व्यवस्था त्याच्याशिवायही चालते. जातीबद्दल हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलेच आहे.

मे २०२३ मध्ये तिथल्या नव्या आयुक्तांनी सिनेटला पत्र लिहून, कृष्णवर्णीयांची तपासणी जास्त होत असल्याचे अभ्यासातून दिसते, हे मान्य केले. सप्टेंबरात या सवलतीच्या टपाली तपासण्या बऱ्याच कमी करण्याचे जाहीर केले. सरकार बदलते तशी ही आश्वासनेही बदलतात, त्यामुळे आम्ही टाळ्या वाजवणार नाही. पण खात्याला कबूल करावे लागले ते मोर्चामुळे नव्हे, आकड्यामुळे, हे मात्र नोंदवून ठेवावे.

आणखी एक आकडा. २०२१ साली, कोविडच्या काळात, अमेरिकेने मुलांसाठीची कर-सवलत वाढवली. सहा वर्षांखालील मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर, मोठ्यांमागे ३,०००. आई-बापाची कमाई शून्य असली तरी पूर्ण रक्कम. जुलै ते डिसेंबर दर महिन्याला पैसे घरी येत होते. लाँग यांची 'आधी मजुरी दाखव' ही अट सहा महिन्यांपुरती का होईना बाजूला पडली. त्या वर्षी बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांपर्यंत खाली आले. मुदतवाढ सिनेटमध्ये अडली, योजना संपली, आणि २०२२ मध्ये तोच आकडा १२.४ टक्के झाला. गरिबी ही दैवाची गोष्ट नाही, ती मतदानाने कमी होते आणि मतदानानेच वाढते, याचा याहून स्वच्छ पुरावा आम्ही तरी पाहिलेला नाही.

आपल्याकडे वळायचे तर एवढेच. महाराष्ट्रात २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना आली. निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले, २०२५ मध्ये पडताळणी सुरू झाली. अपात्र कोणी असेल तर नाव जावे, त्याला आमची हरकत नाही. पण कोणाची नावे गेली? मोटारवाल्यांची, की ई-केवायसीसाठी अंगठा न जुळलेल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईची? कोणत्या वस्तीतली किती? केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचे जाहीर केले, ते बरे झाले. पण जनगणना दहा वर्षांतून एकदा व्हायची, नोटीस मात्र रोज निघते. नोटिशीचीही जातवार मोजदाद झाली पाहिजे, ही मागणी चळवळीने आता पुढे आणायला हवी.

आम्ही माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाकडे अर्ज केला. प्रश्न तीनच होते: एका योजनेतून तालुक्यात किती नावे वगळली, त्यांत अनुसूचित जाती-जमातींची किती, आणि वगळण्यापूर्वी किती जणांना लेखी कारण कळवले. उत्तर एका ओळीचे आले: अशी वर्गवारी या कार्यालयात ठेवली जात नाही. पहिल्या अपिलाला तीस दिवस असतात. आम्ही अपील दाखल केले आहे, सुनावणीची तारीख यायची आहे. ज्यांच्याकडे असे लिफाफे आले असतील त्यांनी आतल्या कागदाबरोबर वरचे पाकीटही जपून ठेवावे. पोस्टाचा शिक्का त्यावरच असतो, आणि मुदत कधी सुरू झाली हे त्यावरूनच सिद्ध करता येते.